पांढरा दोरा, उजवी बरणी

एकदा एका वैद्यांच्या ओसरीवर डाव्या बरणीतली पुडी द्यायची, ती उजव्या बरणीतली दिली गेली. गोष्ट एवढीच आहे. ऐकणारे पुष्कळदा म्हणतात, "हात्तिच्या! एवढंच?" मी त्यांना म्हणतो, थांबा जरा, तुम्हालाही घाईच झालेली दिसते.

नदीकाठी एक मध्यम वस्तीचे गाव होते. तिथले वैद्य सत्तरी ओलांडलेले. सारा गाव त्यांना वैद्यबुवा म्हणे. आतल्या खोलीत बसून ते नाडी पाहत, जीभ पाहत, पोट दाबून पाहत. पोटाच्या तक्रारी त्या गावात फार, म्हणून त्यांनी एक सोय केली होती. ज्याचा कोठा साफ व्हायला हवा, त्याच्या मनगटाला ते लाल दोरा बांधत. ज्याचे जुलाब थांबायला हवेत, त्याला पांढरा. दोरा बांधलेला रोगी बाहेर ओसरीवर येऊन बसे. ओसरीच्या उजव्या अंगाला एक लांब बाक, डाव्या अंगाला दुसरा. जागा मिळेल तिथे टेकावे, कुठे बसावे याला काही नियम नव्हता.

दोन्ही बाकांच्या मध्ये, दाराला पाठ करून, वैद्यबुवांचा शिष्य अच्युत बसत असे, म्हणजे उजवा बाक त्याच्याही उजव्या हाताला येई. वय बावीस-तेवीस, बुद्धी तल्लख. त्याच्या उजव्या हाताशी एक बरणी, डाव्या हाताशी दुसरी. लाल दोऱ्याची पुडी उजव्या बरणीत आणि पांढऱ्याची डाव्या. दोन्ही चूर्णे दिसायला सारखीच, मातकट. डाव्या हाताने कोणाला काही देऊ नये, म्हणून पुढ्यात एक तबक ठेवले होते. बरणीतून पुडी काढायची, तबकात ठेवायची आणि रोग्याने ती उचलायची. काम इतके सोपे की सांगताना मलाच संकोच वाटतो.

अच्युत हे काम फार झपाट्याने करी. रोग्याने मनगट पुढे केले न केले, तोच पुडी तबकात. लोक तोंडात बोट घालत. "काय हो हा हात!" म्हणत. पहिल्या वर्षी तो या स्तुतीने लाजत असे. दुसऱ्या वर्षी तो तिची वाट पाहू लागला. तिसऱ्या वर्षी एखाद्या दिवशी कोणी काही बोलले नाही, तर त्याला चुकल्याचुकल्यासारखे होई. वैद्यबुवा एकदा म्हणालेही होते, "अच्युता, इथं कोणी शर्यत लावलेली नाही." त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी भरभर पुड्या देऊ लागला. हुशार माणसाला ही खोड असतेच.

त्या वर्षी ग्रामदेवतेच्या उत्सवात भंडारा झाला. बासुंदी उन्हात फार वेळ राहिली असावी. तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाचे पोट धरलेले, कोणाचे सुटलेले. लाल आणि पांढरे दोरे बांधता बांधता आत वैद्यबुवांची बोटे दुखू लागली, आणि बाहेर अच्युतचे हात एकसारखे चालले होते.

उजव्या बाकाच्या टोकाला विणकर आळीतली भागीरथी बसली होती. रखमाजी विणकराची बायको. अंगावर पिणारे चार महिन्यांचे मूल सासूजवळ ठेवून आली होती. तिचा नंबर आला. तिने मनगट पुढे केले. दोरा पांढरा होता. अच्युतने तो पाहिला. मनात "पांढरा" असे म्हटलेसुद्धा. आणि त्याचा उजवा हात उजव्या बरणीत जाऊन पुडी तबकात ठेवून मोकळा झाला.

भागीरथीने पुडी उचलली, कपाळाला लावली आणि ती निघाली.

आता नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथेच आहे. अच्युतचा डावा हात मांडीवरून नुसता हलला होता आणि परत मांडीवरच पडला होता. त्या हालचालीने त्याला कळले. त्याने मान वर केली. भागीरथी शेवटच्या पायरीवर होती, आणि काय वाटले कोण जाणे, तीही थांबून वळून पाहत होती. दोघांची नजरानजर झाली. "अहो बाई, थांबा," हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. तेवढ्यात डाव्या बाकावरचे एक पागोटेवाले गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बघितलंत? इतकी गर्दी, पण पोरगा एकदाही अडखळला नाही!"

अच्युतने मान खाली घातली आणि म्हणाला, "पुढचे कोण?"

त्यानंतर दिवसभर तो स्वतःची समजूत घालत होता. बहुधा हात डाव्याच बरणीत गेला असेल. बहुधा आपल्याला भास झाला. आणि उजवीकडची असली तरी एका पुडीने काय होते? माणूस स्वतःशीच वकिली करू लागला की त्याला साक्षीपुरावा लागत नाही. संध्याकाळपर्यंत त्याची जवळजवळ खात्रीच पटली की काही घडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजी धावत आला. त्याला धड बोलता येत नव्हते. "बुवा, चला हो! काल पुडी घेतली आणि तेव्हापासनं थांबायचं नावच नाही. डोळे पार खोल गेलेत. हाक मारली तर ओ देत नाही. पोर दुधासाठी टाहो फोडतंय, तिला त्याचीही शुद्ध नाही."

वैद्यबुवा उठले. त्यांनी अच्युतकडे पाहिले. "काल भागीरथीला कोणती पुडी दिलीस?"

"लाल दोऱ्याची, गुरुजी," अच्युत म्हणाला. "दोरा लालच होता. मला चांगलं आठवतं, त्या उजव्या बाकावर बसल्या होत्या."

वैद्यबुवा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी लाल बांधला?" आणि काठी घेऊन चालू लागले.

विणकर आळी तशी लांब. वाटेत म्हातारा स्वतःशीच पुटपुटत होता. "सुटलेल्या पोटाला लाल दोरा! नजर गेली की काय माझी? की बोटं चुकली? आता हे काम सोडायला हवं." रखमाजी बिचारा त्यांनाच धीर देत होता, "बुवा, तुम्ही नका जिवाला लावून घेऊ." आणि अच्युत औषधाची पेटी घेऊन मागून चालत होता. त्या सबंध वाटेत एक वाक्य बोलला असता, तर गुरूच्या डोक्यावरचा भार उतरला असता. तो मूग गिळून चालत राहिला. मला विचाराल तर पुडीपेक्षा ही वाट मला जास्त टोचते.

घरात मागाच्या शेजारी चटईवर भागीरथी पडली होती. ओठ सुकलेले. उशाशी सासू मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. वैद्यबुवांनी नाडी पाहायला तिचा हात उचलला. एका दिवसात हात इतका वाळला होता की दोरा सैल होऊन कोपराकडे घसरला. तो पांढरा होता.

रखमाजीचे सारे लक्ष बायकोच्या तोंडाकडे होते. वैद्यबुवांनी दोऱ्याकडे पाहिले, अच्युतकडे पाहिले नाही. तेही अच्युतला पुरेसे झाले. जमीन दुभंगली तर बरे, असे त्याला वाटले, आणि जमीन काही दुभंगली नाही.

"पेज कर. मीठ घाल," वैद्यबुवा एवढेच म्हणाले.

अच्युतने चूल फुंकली, पेज केली, जुलाब थांबवणारा कुड्याच्या सालीचा काढा उकळला, विहिरीवरून पाणी आणले. वैद्यबुवा चमच्याचमच्याने तिच्या ओठांत पेज सोडत राहिले. दुपार गेली. ऊन कलले तेव्हा भागीरथीने डोळे उघडले आणि विचारले, "बाळ प्यालं का?" सासू तोंडाला पदर लावून रडू लागली. सर्वांचा जीव भांड्यात पडला. एका अच्युतचा तेवढा पडला नाही.

परतताना वैद्यबुवा एक शब्द बोलले नाहीत. अच्युतला वाटले, आता उद्या आपले बोचके बांधून घरची वाट धरायची.

पण दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांनी वेगळेच आरंभले. ओसरी भरली होती. ते काठी टेकत बाहेर आले आणि अच्युतला म्हणाले, "ऊठ. तुझ्या जागेवर मी बसतो." लोक चकित झाले. वैद्यबुवा मांडी घालून दोन बरण्यांच्या मध्ये बसले. बरण्यांतल्या पुड्या काढून त्यांनी आत नुसत्या राखेच्या पुड्या भरायला लावल्या. मग म्हणाले, "मंडळी, आज आधी माझी परीक्षा. अच्युत तुम्हाला दोरे बांधील. हवं तिथं बसा. एकामागून एक मनगट पुढं करा. अच्युता, तू टाळ्या वाजव. टाळी पडली की पुडी तबकात आली पाहिजे. सावकाश टाळी देऊन माझ्यावर दया करू नकोस."

लोक हसले. खेळ सुरू झाला. लाल दोरा उजव्या बाकावर आला, वैद्यबुवांचा उजवा हात झटक्यात गेला. पांढरा डावीकडून आला, डावा हात तसाच गेला. मग पांढरा दोरा उजव्या बाकावरून पुढे आला. अच्युतच्या लक्षात आले की म्हाताऱ्याचे दोन्ही खांदे एकदम हलले आणि डावा हात थोडा उशिरा निघाला. पुढे लाल दोरा डावीकडून आला, तेव्हा पुन्हा तसेच. अच्युतचे डोळे भरून येऊ लागले होते, पण आज्ञा होती म्हणून तो टाळ्या वाजवत राहिला, भरभर, आणखी भरभर.

चौदाव्या की पंधराव्या टाळीला उजव्या बाकावरून पांढरा दोरा आला, आणि वैद्यबुवांनी उजव्या बरणीतली पुडी तबकात ठेवली.

"अगंबाई!" एक म्हातारी ओरडली. "वैद्यबुवा चुकले!"

पन्नास वर्षांत त्या ओसरीवर हे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. पुडी उचललेला माणूस तर निघालाही होता. वैद्यबुवा खणखणीत आवाजात म्हणाले, "चुकलो! अहो पाहुणे, मागं फिरा. ती पुडी परत द्या." तो माणूस ओशाळून परत आला, जणू चूक त्याचीच होती. वैद्यबुवांनी पुडी घेतली, डाव्या बरणीतली दुसरी तबकात ठेवली, आणि त्याला हात जोडले.

मग त्यांनी अच्युतला आतल्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले.

"रोगी कोणत्या बाकावर बसला आहे, याचा रोगाशी काय संबंध?" त्यांनी विचारले.

"काहीच नाही, गुरुजी."

"हे तुझ्या बुद्धीला ठाऊक आहे. हाताला नाही. आपण म्हणतो, मी फक्त दोऱ्याचा रंग पाहीन. पण डोळ्यांसमोर जे येतं, ते नुसता रंग घेऊन येत नाही. ते आपली जागाही घेऊन येतं आणि ती न विचारता आत शिरते. उजवीकडून काही आलं की उजवा हात आपला आपण उठायला लागतो. बुद्धीचा निर्णय त्याच्या मागून येतो. दोघांचं उत्तर एकच असलं तर काम झरझर होतं, आणि आपल्याला वाटतं, आपण काय हुशार! उत्तरं निराळी असली की आत ओढाताण होते. वेळ दिला तर बुद्धी हाताला आवरते. घाई केली तर हात आधी पोचतो. मला हे कळत होतं, तरी मी आत्ता चुकलो. तू पाहिलंस."

अच्युतने श्वास सोडला. कालपासून प्रथमच त्याची छाती हलकी झाली. "म्हणजे गुरुजी, तो माझा दोष नव्हता?"

"पुडीचा दोष तुझ्याहून माझा जास्त आहे," वैद्यबुवा म्हणाले. "दोन बाजूंना दोन बाक आणि दोन बाजूंना दोन बरण्या, ही मांडणी माझी. सोयीची वाटली म्हणून केली. अशा किती पुड्या इथून गेल्या असतील, कोण जाणे. कोणी दूरच्या गावाहून आला असेल, त्याचं काय झालं ते मला कळलंही नसेल. तुला एकीची लाज वाटते आहे, बाळ. मला किती जणांची वाटायला हवी, तेही मला ठाऊक नाही." मग ते पुढे म्हणाले, "पण काल तू मला काय सांगितलंस? दोरा लाल होता, कारण ती उजव्या बाकावर होती. पुडी उजवीकडं गेली ती तुझ्या हातानं. हे वाक्य कोणाच्या हातानं आलं?"

अच्युतने मान खाली घातली.

"पुडी तबकात ठेवल्यावर तुला केव्हा कळलं?"

"लगेच," अच्युत म्हणाला. त्याला हुंदका आवरेना. "त्या पायरीवरच होत्या, गुरुजी."

"मग तोवर बुद्धी पोचली होती," वैद्यबुवा म्हणाले. "त्यानंतरचं सगळं तिनं केलं. हाताची लाज बाळगू नकोस, तो माझाही तसाच आहे. जिची बाळगायची, तिची बाळग."

त्याच दिवशी बरण्या हलल्या. मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक वर, एक खाली अशा ठेवल्या गेल्या. पुडी देणाऱ्याने आधी रोग्याच्या दोऱ्याला बोट लावायचे, रंग मोठ्याने म्हणायचा, मग उठून, वळून पुडी आणायची. कामाला तिप्पट वेळ लागू लागला. लोक कुरकुरले. पागोटेवाले गृहस्थ म्हणाले, "या पोराचा हात पहिल्यासारखा राहिला नाही बुवा." अच्युतने ते ऐकले आणि दोऱ्याला बोट लावून म्हटले, "पांढरा."

पण विणकर आळीत जायचे त्याच्याच्याने होईना. चार दिवस तो रोज निघे आणि नदीच्या उतारावरून परत फिरे. पाचव्या दिवशी गेला. भागीरथी मागापाशी भिंतीला टेकून बसली होती, मूल मांडीवर झोपलेले. अजून तिला उभे राहवत नव्हते. अच्युत दारातच थांबला. येताना त्याने पुष्कळ शब्द जुळवले होते. त्यातले निम्मे तिथेच गळाले.

"ती पुडी चुकीची होती," तो म्हणाला. "माझ्या हातून गेली. आणि तुम्ही पायरीवर होतात, तेव्हाच मला कळलं होतं."

भागीरथीने मुलाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. मग म्हणाली, "मलाही दिसलं होतं, दादा."

"काय?"

"तुमचा हात उजव्या बरणीत गेला तो. पांढऱ्या दोऱ्याला डावी बरणी, एवढं काय आम्हाला ठाऊक नाही होय? दर पावसाळ्याला येतो आम्ही."

"मग घेतलीत का ती पुडी?" अच्युतचा आवाज फुटला. "तिथंच विचारायचं नाही का!"

"म्हणून तर पायरीवर थांबले," ती साधेपणाने म्हणाली. "वळून बघितलं. तुम्हीही बघितलंत माझ्याकडं. म्हटलं, चूक असती तर त्यांनी हाक मारली असती."

तिने त्याला दोष दिला नाही, हेच त्याला सोसवेना. तो दारात उभाच राहिला. तिने सासूला हाक मारून त्याच्यासाठी पाणी मागवले. ते तो प्यायला, कारण नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याला आता उरला नाही, असे त्याला वाटले.

पुढे वैद्यबुवा गेले आणि त्या गादीवर अच्युत बसला. त्याच्याही पुढ्यात शिष्य बसू लागले, पण एक काम तो स्वतःच करी. पुडी घेऊन निघालेल्या माणसाकडे तो आतल्या खोलीच्या दारातून शेवटच्या पायरीपर्यंत पाहत राही. मनात तिळाएवढी शंका आली तरी भरल्या ओसरीत उठून मोठ्याने हाक मारी, "अहो, थांबा! परत या." दहातल्या नऊ वेळा पुडी बरोबरच निघे. माणूस चिडे, लोक हसत, आणि पंचक्रोशीत त्याचे नाव पडले ते हाका मारणारा वैद्य.

ते नाव त्याच्या कानावर आले, तेव्हा तो कोनाड्यातल्या बरण्या पुसत होता. त्याने हातातली बरणी खाली ठेवली, आणि पायरीवर कोणी आहे का ते पाहून घेतले.